काळजाला घरं: डीन स्विफ्टच्या मागावर सहा दिवस

शनिवार

लेकीकडे डब्लिनला येऊन तीन आठवडे झाले होते. तोवर मी या शहरात फक्त भाजी, औषधं आणि नातीची शाळा एवढंच पाहिलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागली तशी लेक म्हणाली, "आई, आता तुझ्या गलिव्हरला भेटून ये. हिलाही ने." मी मिरजेला तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं, ऑफ तासाला वर्ग शांत बसवायचा असला की मी लिलिपुटची गोष्ट काढायची. दोऱ्यांनी जखडलेला भला मोठा माणूस आणि त्याच्या छातीवर चढलेले बोटाएवढे शिपाई. ती गोष्ट लिहिणारा माणूस कोण, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःहून सांगायला गेले नाही.

तो माणूस सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या जमिनीत आहे. आत शिरल्यावर दाराजवळच फरशीत पितळेच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत. एकीवर जोनाथन स्विफ्ट, दुसरीवर एस्थर जॉन्सन. येणारे-जाणारे त्यावरून सरळ चालत जातात. नातीचाही पाय पडला, तशी ती पटकन वाकली, पट्टीला हात लावून तिने तो छातीला लावला. मिरजेतल्या दोन सुट्ट्यांत पुस्तकाला पाय लागला की काय करायचं ते शिकली होती, ते इथे आपोआप झालं. शेजारचे दोन प्रवासी चकित होऊन बघत राहिले.

स्विफ्ट १७१३ मध्ये या कॅथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्माधिकारी झाला आणि १९ ऑक्टोबर १७४५ला जाईपर्यंत, बत्तीस वर्षं, डीनच राहिला. खरं म्हणजे त्याला इंग्लंडात मोठं पद हवं होतं. लंडनमध्ये त्याने त्या वेळच्या टोरी सरकारसाठी लेखणी झिजवली आणि बक्षीस काय, तर डब्लिन. जन्मगावी परत पाठवणी! त्याला ती हद्दपारीच वाटली. आणि त्याच डब्लिनने पुढे त्याला डोक्यावर घेतलं.

थडग्याजवळच्या भिंतीवर काळ्या संगमरवराची पाटी आहे, अक्षरं सोनेरी. पाटी कशी असावी हे त्याने मृत्युपत्रात बजावून ठेवलं होतं: काळा संगमरवर, जमिनीपासून सात फुटांवर, मोठी अक्षरं, खोल कोरलेली, दाट सोन्याची. मजकूरही त्याचाच, लॅटिनमध्ये. लेकीने फोनवर अर्थ काढून दिला. इथे जोनाथन स्विफ्टचं शरीर ठेवलं आहे, जिथे 'सेव्हा इंडिग्नाशियो' आता त्याचं हृदय फाडू शकत नाही. वाटसरू, जा, आणि जमलं तर ज्याने सगळी ताकद लावून स्वातंत्र्याची बाजू लढवली त्याच्यासारखं वाग.

जमलं तर! मेल्यावरही टोमणा मारायची सोय करून ठेवलेली.

मास्तरकीची खोड जात नाही. मी तिथल्या बाकावर बसून वही काढली आणि मराठी करायला घेतलं. 'हृदय फाडणं' लगेच जमलं, आपल्याकडे काळजाला घरं पडतात. 'वाटसरू' तर आयताच होता. अडलं ते त्या दोन शब्दांपाशी. इंडिग्नेशनला शाळेत आम्ही 'सात्त्विक संताप' म्हणायचो. पण सेव्हा म्हणजे क्रूर, हिंस्र. सात्त्विक आणि हिंस्र एका वाक्यात कसे नांदणार? वहीत 'उग्र संताप' लिहिलं आणि खोडलं. त्याला भाषणाचा वास येत होता.

पाटीखेरीज इथे त्याचं बरंच काही आहे. चाकांवर हलवता येणारा लाकडी उपदेशमंच आहे, मेल्यावर चेहऱ्यावरून काढलेला साचा आहे. त्या साच्यातले गाल आत गेलेले, तोंड किंचित उघडं. नात तिथून लवकर पळाली. मी मात्र जास्त रेंगाळले ते दोन लहान शिलालेखांपाशी. एक त्याच्या नोकराचा, अलेक्झांडर मॅगी नावाचा, १७२२ साली तरुणपणीच वारलेला. त्या काळात नोकरासाठी कॅथीड्रलमध्ये दगड बसवणं म्हणजे जगावेगळी गोष्ट. असं सांगतात की मजकुरात स्विफ्टने स्वतःला त्याचा 'कृतज्ञ मित्र आणि धनी' म्हटलं होतं, पण एका प्रतिष्ठित ओळखीच्या माणसाने नोकराचा मित्र कसला म्हणून 'मित्र' काढायला लावलं. दगडावर नुसता कृतज्ञ धनी उरला.

दुसरा शिलालेख ड्यूक ऑफ शोंबर्गचा. हा सेनापती १६९०च्या बॉइनच्या लढाईत पडला आणि इथे पुरला गेला. चाळीस वर्षं त्याच्यावर साधा दगड नव्हता. स्विफ्टने वारसांना पत्रांवर पत्रं पाठवली, उत्तर नाही. मग १७३१ मध्ये त्याने कॅथीड्रलच्या खर्चाने पाटी बसवली आणि तिच्यावर हेही कोरून ठेवलं की या माणसाच्या शौर्याची किंमत परक्यांना होती, त्याच्या रक्ताच्या माणसांना नव्हती. गावकीत उणंदुणं काढतात ते तोंडी, ते विरून जातं. यांनी दगडात काढलं. वारसांची अब्रू आज तीनशे वर्षं तिकीट काढून बघता येते.

निघताना एक गोष्ट कळली ती नातीला सांगितली नाही. या भागाखालून पॉडल नावाची नदी वाहते, ती पूर्वी चढली की कॅथीड्रलमध्ये पाणी यायचं. १८३५ला त्यावरच्या दुरुस्तीत स्विफ्ट आणि एस्थरच्या शवपेट्या उघडाव्या लागल्या. नेमकं तेव्हा शहरात शास्त्रज्ञांचं संमेलन भरलं होतं. कवटीच्या उंचवट्यांवरून बुद्धी मोजणाऱ्या मंडळींनी दोघांच्या कवट्या मागून घेतल्या, त्या घरोघरी फिरल्या, आणि निदान झालं की या डोक्यात विनोदबुद्धी बेताचीच दिसते. गलिव्हरच्या गोष्टीत लापुटा बेटावरच्या तर्कट विद्वानांची टर उडवणाऱ्याच्या वाट्याला अगदी तसेच विद्वान यावेत!

रविवार

दिवसभर पाऊस, तोही आडवा. छत्री दोनदा उलटी झाली तेव्हा ती पिशवीत टाकून दिली.

डब्लिन कॅसलच्या मागच्या अंगाला शिप स्ट्रीटवरून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. इथे होईज कोर्ट नावाचं आवार होतं. तिथल्या सात नंबरच्या, चुलत्याच्या घरात ३० नोव्हेंबर १६६७ला स्विफ्ट जन्मला. घर गेलं, आवार गेलं. बाप तो जन्मायच्या आधी काही महिने वारला होता. आणि पोर तान्हं असताना दाई त्याला आईला न सांगता समुद्रापार इंग्लंडात व्हाइटहेवनला घेऊन गेली, तिथे तो जवळजवळ तीन वर्षं राहिला. परत आला तेव्हा बायबल वाचत होता, असं त्याने स्वतःच लिहिलंय. नातीने विचारलं, "मग त्याच्या आईने पोलिसांना फोन नाही केला?" आईने निरोप धाडला होता, की पोरगं जरा टणक होईपर्यंत परत समुद्रातून आणू नका. पुढे आई इंग्लंडात गेली आणि हा सहाव्या वर्षी किलकेनीच्या शाळेत वसतीला. घर म्हणून जे असतं ते त्याला फारसं मिळालंच नाही.

दहा मिनिटांत भिजून परतलो. संध्याकाळी भजी तळली आणि मूळ गलिव्हर काढलं, संपूर्ण. २८ ऑक्टोबर १७२६ला लंडनमध्ये छापलेलं, स्विफ्टचं नाव न घालता. आपल्या मुलांच्या आवृत्त्यांत पहिले दोन भाग असतात, तेही धुऊन-पुसून. राणीच्या महालाला आग लागते तेव्हा गलिव्हर ती कशी विझवतो हे मी वीस वर्षं वर्गात 'त्याने पाणी ओतलं' म्हणून सांगितलं. कोणतं पाणी, ते आज नातीला तिच्या आईने सांगितलं आणि घर हसण्याने दणाणलं.

एक जागा मात्र मला नवीन होती. दुसऱ्या सफरीला, म्हणजे राक्षसांच्या देशी पोचायच्या वेळी, गलिव्हर ज्या जहाजावर चढतो ते निघालेलं असतं सुरतेला. साल १७०२. महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली त्याला बत्तीस वर्षं झालेली. तिसऱ्या सफरीत तर तो मद्रासला, फोर्ट सेंट जॉर्जला, तीन आठवडे मुक्काम करतो. म्हणजे बुटके आणि राक्षस आपल्याच वाटेवर होते, आपल्याला पत्ता नव्हता.

तिसऱ्या भागात उडतं बेट आहे, लापुटा. खालच्या शहराने कर दिला नाही की राजा बेट बरोबर त्याच्यावर आणून ऊन-पाऊस अडवतो, फारच झालं तर बेट खाली टाकून शहर चिरडतो. लिंडालिनो नावाचं एक शहर बंड करतं आणि जिंकतं. नावात 'लिन' दोनदा. दोन म्हणजे डबल. डब-लिन! हा भाग छापण्याची १८९९ पर्यंत कोणाची छाती झाली नाही. नात वहीवर लिंडालिनो लिहून एकेक अक्षर मोजत बसली.

सोमवार

बँक हॉलिडे. बसने तासाभराने ट्रिमला. बॉइन नदी, तिच्या काठावर अवाढव्य नॉर्मन किल्ला, हिरवळीवर गाई. बुरुजावर मार्गदर्शकाबरोबर चढता येतं. लेक आणि नात चढल्या, मी खाली थांबले. मला कानातली चक्कर आहे. उंचावर गेलं की जमीन एका बाजूला कलते आणि कानात शिट्टी वाजते. स्विफ्टलाही हाच आजार होता, अगदी तरुणपणापासून. आजचे डॉक्टर त्याला मेनिएर म्हणतात. त्याची स्वतःची खात्री होती की रिचमंडला एका बैठकीत शंभर सफरचंदं खाल्ल्याने हे मागे लागलं. माझ्या सासूबाई माझ्या चक्करेचं खापर फ्रिजमधल्या दह्यावर फोडायच्या. जन्मभर फळाला भ्यायला बिचारा.

ट्रिमच्या रस्त्यावर एक उंच खांब दिसला, वर पुतळा. जवळ जाऊन वाचलं आणि जरा गप्पच झाले. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे आपला आर्थर वेलस्ली! २३ सप्टेंबर १८०३, असई. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला जालना भागात ज्याने हरवलं तो. माझ्या वर्गातली पोरं ती लढाई सनावळीसकट घोकायची. या भागातलं डँगन हे त्याच्या घराण्याचं ठिकाण, ट्रिमचा तो खासदार होता. खांब १८१७चा. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही तो असईचीच लढाई आपली सर्वांत चांगली मानायचा, असं म्हणतात. बोर्डावर असईचं नाव शोधलं, मग कशाला शोधतेय असं वाटून सोडून दिलं.

आणि गंमत म्हणजे हे डँगन स्विफ्टच्या लॅराकॉरला लागूनच. १७०० साली त्याला या खेड्याचं पाद्रीपद मिळालं. श्रोते मोजून पंधरा, 'बहुतेक खानदानी आणि सगळेच भोळे' असं त्याने लिहिलंय. एकदा चर्चमध्ये त्याच्या कारकुनाशिवाय कुणीच आलं नाही. कारकुनाचं नाव रॉजर. प्रार्थनेची सुरुवात 'माझ्या प्रिय बांधवांनो' अशी होते. स्विफ्टने गंभीरपणे म्हटलं, 'माझ्या प्रिय रॉजर' आणि पुढे पूर्ण प्रार्थना चालवली. गोष्ट खरी की रचलेली यावर वाद आहेत. पटसंख्या घसरलेल्या शाळेत शिकवलेल्या कुणालाही ती खरीच वाटेल.

ट्रिमहून टॅक्सी केली. चालक साठीच्या पुढचा. स्विफ्ट म्हटल्यावर म्हणाला, "जुन्या दहा पौंडांच्या नोटेवर होता ना तो." लॅराकॉरला पोचलो तर पाहण्यासारखं काही नाही. स्विफ्टचं चर्च कधीच गेलं, त्या जागी एकोणिसाव्या शतकात दुसरं आलं आणि तेही आता कुणाचं तरी खासगी घर आहे. रस्ता, कुंपण, ओला वारा. चालक म्हणाला, सांगितलं होतं तुम्हाला. नव्हतं सांगितलं, पण असो.

मला इथे पाहायची होती ती झाडं. स्विफ्टने लॅराकॉरला ओढ्याचा कालवा केला, त्यात मासे सोडले आणि काठाला विलो लावले. विलो म्हणजे आपल्याकडचं नदीकाठचं वाळुंज, त्याचाच भाऊबंद. लंडनमध्ये मंत्र्यांच्या पंगतीला जेवत असताना तो स्टेलाला पत्रांत विचारतो, माझे विलो कसे आहेत? मार्च आला की लिहितो, आत्ता आपण लॅराकॉरला असायला हवं होतं, विलोंना डोळे फुटत असतील. ही स्टेला म्हणजे फरशीतल्या दुसऱ्या पट्टीवरची एस्थर जॉन्सन. सरेतल्या सर विल्यम टेंपलच्या वाड्यावर तो चिटणीस होता तेव्हा ही आठ वर्षांची पोर तिथे होती. तिला त्याने वाचायला-लिहायला शिकवलं. मोठी झाल्यावर ती सोबतिणीला घेऊन आयर्लंडला आली आणि जन्मभर त्याच्या जवळपास राहिली, पण कधीच एका छताखाली नाही. म्हणतात की तिसऱ्या माणसाशिवाय ती दोघं कधी भेटली नाहीत. गुपचूप लग्न झालं होतं का, यावर लोक तीनशे वर्षं भांडतायत. मला त्या भांडणात गोडी नाही. विलोंना डोळे फुटले का, असं ज्या बाईला कळवावंसं वाटतं तिच्याशी काय नातं होतं ते मला पुरेसं कळतं.

कुंपणाशी एक म्हातारा विलो होता. स्विफ्टचा असणं शक्यच नाही. नातीने तरी एक पान घेतलं.

मंगळवार

कॅथीड्रलच्या बाजूलाच मार्शचं ग्रंथालय आहे, १७०७चं. आत पाऊल टाकलं की जुन्या कातड्याचा आणि मेणाचा वास. ओकची काळी कपाटं, आणि शेवटाला तीन-चार जाळीचे पिंजरे. पुस्तकं चोरीला जाऊ लागली म्हणून दुर्मिळ पुस्तक मागणाऱ्याला पुस्तकासकट पिंजऱ्यात बसवून कुलूप लावायचे. मी काम केलं त्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंना हे दाखवायला हवं होतं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं असतं. काही पुस्तकांना १९१६च्या उठावातल्या गोळ्यांची भोकं आहेत. इथे क्लॅरेंडनच्या इतिहासाची एक प्रत आहे, तिच्या समासात स्विफ्टने पेन्सिलीने शिव्या लिहिल्यात, बहुतेक स्कॉट लोकांना उद्देशून. पुस्तकात लिहू नका, असं मी किती मुलांना सांगितलं असेल!

ग्रंथालय उभारणारा आर्चबिशप मार्श पूर्वी ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख होता आणि स्विफ्ट तिथला विद्यार्थी. स्विफ्टला त्याचा मनापासून तिटकारा. ट्रिनिटीनेही याला १६८६ मध्ये पदवी दिली ती 'खास मेहेरबानीने', म्हणजे आपल्या भाषेत ढकलपास.

दुपारी मागच्या लिबर्टीज भागात हिंडलो. आता कॉफीची दुकानं, दारूच्या भट्ट्या बघायला आलेले प्रवासी. स्विफ्टच्या वेळी ही विणकरांची वस्ती होती, आणि भुकेची. इंग्लंडने आयर्लंडच्या लोकरी कापडाला बाहेरचा बाजार बंद केला होता. मागांवरची माणसं डीनच्या दाराशी यायची. हा त्यांना पाच-दहा पौंड बिनव्याजी द्यायचा, हप्त्याने फेडायचे. १७२० मध्ये त्याने पत्रक काढलं: आपल्या देशात विणलेलंच नेसा. त्यात कुणाचं तरी वाक्य घातलं, की इंग्लंडहून येणारं सगळं जाळा, त्यांची माणसं आणि कोळसा तेवढा सोडून. वाचता वाचता मी थांबले. सार्वजनिक काका खादी नेसून फिरायच्या दीडशे वर्षं आधी हे इथे झालं होतं. पत्रक छापणाऱ्या वॉटर्सवर खटला भरला. ज्युरीने निर्दोष म्हटलं. मुख्य न्यायाधीश व्हिटशेडने परत विचार करा म्हणून आत धाडलं. एकदा नाही, नऊ वेळा.

चार वर्षांनी मोठी लढाई झाली. विल्यम वुड नावाच्या इंग्रज लोखंडवाल्याला आयर्लंडसाठी तांब्याची अर्धपेनी पाडायचा मक्ता मिळाला, चौदा वर्षांत सुमारे एक लाख पौंडांची नाणी. मक्ता मिळाला कसा, तर राजाच्या ठेवलेल्या बाईला दहा हजार पौंड चारून. आयर्लंडच्या पार्लमेंटला कुणी विचारलंही नाही. स्विफ्ट कापडवाला झाला. 'एम. बी. ड्रेपियर' या नावाने दुकानदाराच्या साध्या भाषेत पत्रं लिहिली, स्वस्तात छापली. ही नाणी घेऊ नका, बस्स. दारूचा एक ग्लास घ्यायला पिशवीभर नाणी लागतील, सरदारांना खंड आणायला घोड्यांचे तांडे लागतील. हे खरं होतं का? नव्हतं. न्यूटनने, होय त्याच न्यूटनने, टांकसाळीत वुडची नाणी तपासली होती आणि ती बरी निघाली होती. स्विफ्टने सरळ अतिशयोक्ती केली. पण चौथ्या पत्रात त्याने नाण्याचा विषय सोडून खरं काय ते बोलून टाकलं, की शासितांच्या संमतीशिवाय चालणारं सरकार ही गुलामीच.

त्या पत्राचा लेखक सांगणाऱ्याला तीनशे पौंड बक्षीस लागलं. लेखक कोण ते मागावरच्या पोरालासुद्धा माहीत होतं. कुणी सांगितलं नाही. छापणारा हार्डिंग तुरुंगात गेला. १७२५ मध्ये मक्ता रद्द झाला. याच काळातली त्याच्या बटलरची गोष्ट सांगतात. पत्रांची नक्कल हाच करायचा. एका रात्री तो न सांगता बाहेर राहिला. स्विफ्टने सकाळी त्याला हाकललं, गुपित हातात आहे म्हणून तुला सूट मिळणार नाही, जा सांग कुणाला सांगायचं ते. बक्षिसाची मुदत संपली, तो गप्पच राहिला, तेव्हा त्याला बोलावून कॅथीड्रलमध्ये नोकरी दिली. मला यात स्विफ्टपेक्षा तो बटलर मोठा वाटतो.

संध्याकाळी नातीने विचारलं, "आजी, त्याने अजून काय लिहिलं?" मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग की." मग १७२९चा 'विनम्र प्रस्ताव' सांगितला. गरिबांची पोरं भुकेने मरतात, तर ती वर्षाची झाली की श्रीमंतांनी खायला विकत घ्यावीत. भाजून, उकडून, कशीही. देशावरचा भार कमी, आईबापांना पैसे. लाखभर पोरांचा चोख हिशोब, कुठेही आवाज चढवलेला नाही. जमीनदारांनी आईबाप खाऊन झालेच आहेत, तेव्हा पोरांवरही पहिला हक्क त्यांचा. नात हसली नाही, घाबरलीही नाही. तिने विचारलं, "एका बाळाचे किती?" दहा शिलिंग, मी म्हटलं. "दहा शिलिंग म्हणजे किती?" आणि आम्ही दोघी फोनवर आजची किंमत काढायला बसलो. आकडा निघाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एका बाळाचा भाव काढतेय. या माणसाने मला बरोबर पकडलं होतं.

वहीत लिहिलं: 'थंड संताप'. खोडलं.

बुधवार

सेलब्रिज. अर्धाच दिवस, कारण नातीला वाढदिवसाला जायचं होतं. लिफी नदीकाठी एस्थर व्हॅनहॉमरीचं घर होतं, स्विफ्टची व्हनेसा. ही दुसरी एस्थर, डब्लिनच्या एका महापौराची मुलगी. ती लंडनमध्ये त्याच्या प्रेमात पडली आणि त्याच्या मागोमाग आयर्लंडला आली. त्याने तिच्यावर लांबलचक कविता लिहिली, पत्रं लिहिली, आणि दूर ठेवलं. असं सांगतात की तिने स्टेलाबद्दल सरळ विचारणारं पत्र धाडलं, तेव्हा तो घोड्यावरून इथे आला, पत्र टेबलावर आपटलं आणि एक शब्द न बोलता परत गेला. १७२३ मध्ये ती वारली, मृत्युपत्रातून त्याचं नाव काढून. व्हनेसावरची कविता बाहेर आली तेव्हा कुणीतरी स्टेलासमोर म्हणालं, ही बाई असामान्यच असणार. स्टेला म्हणाली, डीनसाहेब केरसुणीवरही सुंदर लिहू शकतात. (त्याने खरंच लिहिलं होतं.) या एका वाक्यासाठी मला स्टेला आवडते. व्हनेसाच्या बाबतीत मात्र मला स्विफ्टला माफ करता येत नाही.

व्हनेसाच्या त्या घराचं, सेलब्रिज ॲबीचं, फाटक त्या दिवशी बंद होतं. मग कॅसलटाऊन हाउस बाहेरून पाहिलं, कॉनोलीसाहेबाचा महाल, १७२२ मध्ये सुरू केलेला. कापडवाल्याच्या पहिल्या पत्रात हाच कॉनोली येतो: याचं वर्षाचं उत्पन्न सोळा हजार, वुडच्या नाण्यात सहा महिन्यांचा खंड आणायचा तर अडीचशे घोडे लागतील. नातीला महालापुढच्या लांबच लांब हिरवळीवर सोडलं. ती अडीचशेपर्यंत मोजत घोड्यासारखी पळाली, दीडशेला दमली.

गुरुवार

आज मी एकटीच निघाले. ट्रामने ह्यूस्टन स्टेशन, तिथून चढावरून चालत सेंट पॅट्रिक्स हॉस्पिटल. हे स्विफ्टच्या पैशातून उभं राहिलं. जमवलेलं जवळजवळ सगळं, सुमारे बारा हजार पौंड, त्याने वेड्यांच्या इस्पितळासाठी ठेवलं. त्या वेळी आयर्लंडमध्ये असं दुसरं इस्पितळ नव्हतं. १७५७ मध्ये सुरू झालं ते आजही चालू आहे. स्वतःच्या मरणावरच्या कवितेत त्याने आधीच लिहून ठेवलं होतं, की होते-नव्हते पैसे मूर्ख आणि वेड्यांच्या घराला दिले, कारण याची एवढी गरज दुसऱ्या कुठल्याच देशाला नव्हती.

त्याचे स्वतःचे शेवटचे दिवस वाईट गेले. स्टेला २८ जानेवारी १७२८ला वारली. तिच्या दफनाच्या रात्री तो आजारी होता. कॅथीड्रलमधले दिवे दिसू नयेत म्हणून दुसऱ्या खोलीत गेला आणि तिच्याबद्दल लिहीत बसला. पुढे बहिरेपण वाढलं, चक्कर वाढली, शब्द आठवेनासे झाले. १७४२ मध्ये कायद्याने त्याला स्वतःचा कारभार पाहायला असमर्थ ठरवलं. गावाने म्हटलं, डीन वेडा झाला. तो वेडा नव्हता, थकलेला आणि आजारी होता.

इस्पितळात मी गेले नाही. तिथे आजही माणसं उपचाराला येतात, बघायची जागा नव्हे. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. एक मुलगा आईचा हात धरून आत गेला, आईच्या हातात कपड्यांची बॅग होती. थोड्या वेळाने ती एकटीच बाहेर आली, फाटकाशी थांबली, रुमाल शोधला, सापडला नाही. मी माझ्याजवळचा कागदी रुमाल पुढे केला. तिने घेतला, हवेबद्दल काहीतरी बोलली आणि गेली.

ट्राम यायला सात मिनिटं होती. वही काढली. राग माणसावर येतो, संताप चढतो आणि उतरतो. शनिवारपासून खोडलेल्या शब्दांखाली 'चीड' लिहिलं. चीड उतरत नाही, माणूस तिला घेऊन जगतो, आणि ती अन्यायाचीच येते. मागे विशेषण हवं होतं. 'हिंस्र' लिहिलं. 'जिथे हिंस्र चीड यापुढे त्याच्या काळजाला घरं पाडू शकत नाही.' वाचून पाहिलं. 'हिंस्र'खाली पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह घातलं, तेवढ्यात ट्राम आली.